बाबा जेवायला बसले की माझं डोकं का फिरतं?

"मॅडम, जेवताना घरच्यांच्या चावण्याचा आवाज आला की इतका राग येतो की पळून जावंसं वाटतं, मी वेडी आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

19 वर्षांची मुलगी. बाराव्या वर्षापासून त्रास, तोही सगळ्यात जास्त वडिलांच्या चावण्याचा. ती ताट घेऊन खोलीत जायची, आई म्हणायची नाटकं आहेत, वडील काहीच बोलायचे नाहीत. पहिल्या तीन भेटी आम्ही आवाजावरच बोलत राहिलो आणि फारसं काही हाती लागलं नाही. समुपदेशनात मी एरवी शरीरात काय होतं तिथून सुरुवात करते, म्हणून चौथ्या वेळी तेच विचारलं, "आवाज आला की अंगात पहिल्यांदा काय होतं?"

अंगठ्याचं नख बोटात रुतवून ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "जबडा आवळतो. आणि मी त्यांच्याच ठेक्यात चावायला लागते, मग जरा बरं वाटतं." चिडवल्यासारखं दिसेल म्हणून हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिथेच मला धागा सापडला. ठरावीक आवाजांनी असा टोकाचा राग येणं, याला मिसोफोनिया म्हणतात, 2001 मध्ये जास्ट्रेबॉफ या संशोधक दांपत्याने हे नाव दिलं. यात कान बिघडलेला नसतो. 2021 च्या एका संशोधनात दिसलं की अशा लोकांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि तोंड-चेहरा हलवणारा भाग यांचं कनेक्शन जास्त घट्ट असतं, म्हणजे समोरच्याचं चावणं जणू आपल्याच तोंडात घुसतं. हे सांगितल्यावर ती रडायलाच लागली. "म्हणजे मला बाबांचा तिरस्कार नाहीये?"

पुढच्या भेटीला वडिलांना बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटायचं हिला मीच नकोसा झालोय."

असा त्रास असेल तर जेवताना मागे हलका आवाज चालू ठेवा, पंखा, गाणी, काहीही. पण दिवसभर कानात बोळे घालून बसू नका, त्याने कान अजून हळवे होतात. जबडा आवळला की तो मुद्दाम सैल सोडा, श्वास लांब सोडा, आणि नाहीच झेपलं तर उठायची मुभा घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे भांडणानंतर उठावं लागत नाही. घरच्यांनी "दुर्लक्ष कर" म्हणू नये, ते तिच्या हातात असतं तर तिने केव्हाच केलं असतं. विचार-वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीचाही बऱ्याच जणांना उपयोग होतो.

आता दोघं 15 मिनिटं एकत्र जेवतात, आणि ती ताट घेऊन उठली की बाबा फक्त गाण्याचा आवाज कमी करतात.