ॲनिमेशनपट आणि दुखावलेल्या भावना : वाचकांची प्रश्नोत्तरे

'महावतार नरसिंह' (२०२५) हा ॲनिमेशनपट येऊन गेल्यापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. एकदाच उत्तरे देतो.

मुलगा पाच वर्षांचा आहे. 'यूए ७+' चित्रपटाला नेता येईल का?
येईल. 'यूए'मध्ये निर्णय पालकांचा असतो. अठराखालच्यांना बंदी फक्त 'ए'ला. हिरण्यकशिपूचा वध एवढ्या लहान मुलाला झेपेल का, हे मात्र ट्रेलर पाहून ठरवा.

लोक थिएटरात चपला काढून बसले होते, आम्ही काढल्या नाहीत. अपमान झाला का?
नाही.

एका कार्टूनची ३० सेकंदांची क्लिप ग्रुपवर आली आहे, त्यात देवांची टिंगल आहे. पोलिसांत जावे का? क्लिप सगळ्यांना पाठवली आहे.
पाठवलीत कशाला? आधी ते थांबवा, उद्या प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. चित्रपट कोणता हे तरी शोधलेत का? पूर्ण पाहा. वाक्य कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, पुढे कथा त्या पात्राचे काय करते, प्रसंग कितव्या मिनिटाला आहे, हे लिहून काढा. राक्षस देवाला शिव्या देणारच! भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ भावना दुखावल्या एवढ्यावर लागत नाही. हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने अपमान केलेला असावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, पण सरकारची मंजुरी असल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. चित्रपट ओटीटीवर असेल तर आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पोलिसांत जायचेच असेल, तर टिपण घेऊन आधी वकिलाला भेटा.

ऐकीव माहितीवर उठलेले वादळ आपल्याला नवे नाही. १९८३ साली जपानी चित्रपटकार युगो साको भारतातल्या उत्खननावर माहितीपट करत होते. जपानी लोक नवे रामायण काढताहेत अशी बातमी एका इंग्रजी दैनिकात आली आणि विश्व हिंदू परिषदेचे निषेधपत्र जपानी वकिलातीत पोहोचले. त्यांचा 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा ॲनिमेशनपट झाला तो नंतर, भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांच्या साथीने. जानेवारी २०२५मध्ये तो आपल्याकडे थिएटरांत लागला.

देवाला कार्टूनमध्ये दाखवणेच गैर नाही का?
ते धर्माधर्मावर आहे. २०११मध्ये ट्युनिशियात एका वाहिनीने 'पर्सेपोलिस' हा ॲनिमेशनपट दाखवला. त्यात लहान मुलगी दाढीवाल्या वृद्धाच्या रूपातल्या देवाशी बोलते. त्या प्रसंगावरून वाहिनीवर हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि पुढच्या वर्षी तिच्या प्रमुखाला २,४०० दिनार दंड. इस्लाममध्ये ईश्वराचे चित्र काढत नाहीत. आपल्याकडे रामाचे कॅलेंडर घराघरांत असते. आपल्या कायद्यात नुसते चित्र काढणे हा गुन्हा नाही.

गणेशोत्सवात मंडपात असा चित्रपट दाखवायचा आहे. प्रोजेक्टरवाला म्हणतो, परवाना पॅकेजमध्येच आहे.
कागद मागा. त्यावर चित्रपटाचे नाव, तारीख, ठिकाण आणि हक्कधारकाची सही हवी. घरचे ओटीटी खाते मंडपात चालत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कोणत्या दिवशी सूट आहे, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि हे आगाऊ रक्कम देण्याआधी करा.