ताई, आत नेताना अंगावर काय ठेवतात?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस होते. बाहेर ऊन मरणाचं, आणि मनीषा (नाव बदललंय) आईबरोबर माझ्या टेबलासमोर घाम पुसत बसली होती. वय २४. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. माहेर अमळनेर तालुक्यातलं, नवरा कामाला सुरतेत. बाळ पोटात उलटं होतं, ढुंगण खाली आणि डोकं वर. पाणीही कमी, त्यामुळे बाहेरून हातानं बाळ वळवून बघायचा विचार डॉक्टरांनी सोडून दिला होता. ३९ आठवडे भरले की सिझर करायचं ठरलं. तारीख निघाली आखाजीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

आमच्या प्रसूतिगृहात ठरवून सिझर असलेल्या प्रत्येक बाईला आधी एकदा माझ्याकडे पाठवतात, काय काय होणार ते समजून घ्यायला. बहुतेकींचा पहिला प्रश्न टाक्यांचा किंवा पाठीतल्या इंजेक्शनचा असतो. मनीषानं विचारलं, "ताई, गाऊन कोणता आणू?"

म्हटलं, ऑपरेशनच्या वेळचा गाऊन इथलाच असतो, आणायची गरज नाही.

"पुढून बटणाचा असतो का?"

"नाही, मागून नाडीचा."

"मग वरून ओढणी घेतली तर चालेल?" थोडं थांबून, "आणि आतून?"

आत्ता कुठे माझ्या लक्षात आलं. तिला गाऊनबद्दल काही विचारायचंच नव्हतं. पण "आतून" म्हणजे काय ते तिच्या तोंडून निघेना. शेवटी तिची आईच बोलली, "का वं ताई, पोरले पुरी उघडी करतस का?"

नवी होते तेव्हा अशा प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर असायचं, "त्याची काळजी नका करू, ते सगळं आम्ही बघतो." बाई मान डोलवून निघून जायची. ऑपरेशनच्या दिवशी मात्र गाऊन दोन्ही मुठींत असा आवळून धरायची की सिस्टरला बोटं सोडवावी लागायची. काळजी नको म्हटल्यानं ती जात नाही. कुठे, किती वेळ, कुणासमोर, हे कळलं की थोडी जाते. म्हणून आता मी ऑपरेशनच्या खोलीतला सगळा क्रम सांगते, काही न गाळता. मनीषालाही सांगितला.

सकाळी घरच्यासारखी साबणानं अंघोळ. अंगाला तेल नाही, पावडर नाही. खालचे केस घरी ब्लेडनं काढायचे नाहीत. त्यानं कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. गरज असली तर इथे मशीननं कापतात. मग गाऊन. आत काहीच नाही, ब्रा नाही, चड्डी नाही. हे मी स्पष्टच सांगते, आयत्या वेळी कळलं की जास्त लाजिरवाणं वाटतं. वरून चादर पांघरून खोलीपर्यंत नेतात. वाटेत ओढणी घ्यायची असली तर खुशाल घ्या, दारात सिस्टर काढून आईच्या हातात देईल.

आत टेबलावर बसवतात, पाठ वाकवायला सांगतात. मांजर अंग फुगवतं तशी. त्या वेळी गाऊनच्या मागच्या नाड्या सुटतात, पाठ तेवढी उघडी होते. पुढून गाऊन अंगावरच असतो. कमरेत बारीक सुई जाते. थोड्याच वेळात पाय ऊबदार, मग जड होतात, जणू दुसऱ्याचेच. मग आडवं करतात. लघवीची नळी बहुतेक ठिकाणी यानंतरच घालतात, त्यामुळे ती कळत नाही. मग गाऊन वर सरकवून छातीच्या खालपासून मांड्यांपर्यंत औषधानं पुसून काढतात. "हाच तो वेळ," मी तिला म्हटलं. "उघडं पडायचं ते एवढंच, दोनतीन मिनिटं. मग हिरवी कापडं पडतात आणि पोटावर एक खिडकी तेवढी राहते. छातीपाशी पडदा लागतो. तुला पलीकडचं काही दिसत नाही."

"आत गडीमाणूस असतो का?"

या प्रश्नालाही खरं तेच सांगायचं. असू शकतो. आमच्याकडचे भूलतज्ज्ञ पुरुष आहेत. पण ते उशापाशी उभे असतात, त्यांच्या नजरेसमोर तुझा चेहरा आणि त्यांचं मशीन. पूर्ण वेळ तुझ्याशी बोलतातही तेच. शिवाय दोन डॉक्टर, बाळाचे डॉक्टर, सिस्टर, मावशी. पाचसहा माणसं धरून चाल. पुसून घेताना सिस्टर शेजारी हवी असेल तर आत्ताच सांग, मी तुझ्या केसपेपरवर लिहून ठेवते. तिनं लगेच हो म्हटलं. ती ओळ मी तिच्यासमोरच लिहिली. नवऱ्याला आत सोडतात का, हेही तिनं विचारलं. आमच्याकडे नाही. काही ठिकाणी सोडतात, तेव्हा आधी विचारून घेतलेलं बरं.

मग विषय दागिन्यांवर आला, आणि आता आईचा चेहरा उतरला. मनीषाच्या हातात डोहाळजेवणातला हिरवा चुडा होता. गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी, कमरेला काळ्या दोऱ्यात ताईत. आमच्याकडे बांगडी फुटली तरी "वाढवली" म्हणतात, तिथे हॉस्पिटलातल्या बाईनं "सगळं काढा" म्हटलं की केवढं लागत असेल! म्हणून मी आधी कारण सांगते. रक्त थांबवायला विजेवर चालणारं हत्यार वापरतात, अंगाला धातू असला तर तिथे चटका बसायची भीती. हातात सलाईनची सुई लागते, दंडाला बीपीचा पट्टा, बांगड्या आड येतात. अंगावर सूज चढलेली असते, बोटातली अंगठी आज निघते ती त्या दिवशी निघेलच असं नाही, मग कापावी लागते. जोडवी साबण लावून आधीच काढून ठेवा, फारच अडली तर सिस्टरला सांगा, त्या चिकटपट्टी गुंडाळतात. मंगळसूत्र कुठे ठेवायचं ते घरी बसून ठरवा. आईनं तिथेच ठरवलं, ऑपरेशन होईपर्यंत ते तिच्या गळ्यात. ताईत उशाशी. चुडा सोडवायला कासाराला घरीच बोलवायचं, म्हणजे एकही काकण फुटायला नको. हे मला सुचलं नसतं.

मनीषाला आत काय जाणवेल तेही सांगितलं. दुखत नाही, पण कळतं. कणगीत दंडापर्यंत हात घालून कुणी तळाचे दाणे ओढतंय, आणि कणगी म्हणजे आपणच. बाळ निघायच्या जरा आधी वरून पोट दाबतात, तेव्हा श्वास कोंडल्यासारखा होतो. बीपी उतरलं तर मळमळतं. तोंडानं सांगायचं, ते लगेच औषध देतात. सुरुवात केल्यापासून पाचदहा मिनिटांत बाळ बाहेर येतं. त्यानंतरचा अर्धापाऊण तास शिवण्यात जातो. बायकांना वाटतं, रडणं ऐकू आलं की संपलं; मग एवढा वेळ का लागतोय म्हणून जीव घाबरतो.

बॅगेबद्दल मी फार बोलत नाही, यादी छापील आहे. पण एक सांगते. सिझरची चीर आडवी असते, ओटीपोटाच्या अगदी खाली. नेहमीच्या चड्डीचं इलॅस्टिक बरोबर तिथेच येऊन बसतं. म्हणून उंच कमरेच्या, एकदोन साइझ मोठ्या सुती चड्ड्या आणा. सलवारीची नाडी तर काही दिवस विसराच. पुढून उघडणारे सैल गाऊन, दूध पाजायला सोपे. आणि मोठे पॅड. सिझर झालं म्हणजे खालून रक्त जात नाही, असं अर्ध्याअधिक बायकांना वाटतं. जातं, चारसहा आठवडेही जातं. घसरणार नाही अशी चप्पल, पाय सुजतात म्हणून जरा मोठी. बाळाला सुती झबली, टोपडं, लंगोट आणि आजीच्या जुन्या लुगड्याची धुतलेली दुपटी. यापेक्षा मऊ काही दुकानात मिळत नाही.

निघताना आई दारात थांबली. सरकारी दवाखान्यात गेलो असतो तर किती लागलं असतं, तिनं हळूच विचारलं. सांगितलं, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत आहे. पैशांची अडचण असेल तर संकोच न करता तिकडे जा, तिथल्या नोंदणीला मी मदत करते. त्या इथेच राहिल्या, पण विचारलं ते बरं केलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला मनीषा आली. चुडा नाही, जोडवी नाहीत, दोन घट्ट वेण्या (अंबाड्यावर डोकं टेकवून पडता येत नाही, हे माझं सांगणं तिनं ऐकलं होतं). नखं साफ. पण दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीनं भरलेले, बोटांची टोकं तर जांभळट काळी. आखाजीला माहेरी आलेली लेक, झोका आणि मेंदी कशी चुकणार? बहिणीनं रात्री बसून काढली होती. मनीषा मला बघून रडायलाच लागली, "ताई, नेलपॉलिश नको म्हणालात, मेंदीचं बोलला नाहीत."

खरंच बोलले नव्हते. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावतात, ते नखातून उजेड पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. साध्या लाल मेंदीवर ते बहुतेक वेळा चालतं, काळपट मेंदीवर अडखळतं. भूलतज्ज्ञ स्वतः बाहेर आले, हात बघितला, म्हणाले, "मस्त रंगलीय. यंत्र कानाला लावू." कानाच्या पाळीला लावायचं वेगळं क्लिप असतं. माझ्या यादीत मात्र त्या दिवशी एक ओळ वाढली: मेंदी काढायचीच असेल तर बोटांची टोकं सोडून.

उपाशी होती, पण पहाटे पाणी प्यायली होती, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत. हे सगळीकडे नीट सांगत नाहीत. रात्री बारापासून थेंब नाही म्हणून बाया उन्हाळ्यात कोरड्या पडतात. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, पण आपल्या भूलतज्ज्ञाला विचारूनच.

मुलगी झाली. २ किलो ८०० ग्रॅम. तासाभरात छातीला लावली. आजीनं मधाची बाटली आणली होती, ती सिस्टरनं गोड बोलून पिशवीत परत ठेवायला लावली. पहिला चीकच.

चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले. मनीषा कुशीवर, मोठ्या गळ्याच्या गाऊनमध्ये, खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरत होती. सिस्टरनं शिकवलेलं. पडदे ओढून उजेड बंद, आणि आई घरी गेल्यावरच्या शेगडीची बाजू लढवत होती. बाळंतिणीला शेक हवाच, कानाला फडकं हवंच. बाहेर ४४ अंश. मी म्हटलं, मावशी, बाजेखालची शेगडी थंडीसाठी होती, खान्देशातल्या या उन्हात आपल्यालाच शेक बसतोय. बंद खोलीत धूर बाळाच्या छातीत जातो, आणि तीन दुपट्यांत गुंडाळलं तर बाळ तापतं, मग ताप आहे का ऊन, कळत नाही. घासाघीस होऊन ठरलं ते असं: शेगडी नाही, कानाला पातळ फडकं चालेल, पंखा हळू, खिडकी उघडी. डिंकाचे लाडू आमच्याकडून मंजूर.

मग मनीषा म्हणाली, "ताई, एक सांगितलं नव्हतं तुम्ही."

"काय?"

"थरथर. बाळ झाल्यावर अंग असं हललं, दात वाजले. वाटलं, मी मरतेय. उघडं पडायचं नंतर काही वाटलं नाही, खरंच दोन मिनिटं होती. पण थरथरीचं माहीतच नव्हतं."

बरोबर होतं तिचं. कमरेतून भूल दिली की असा कंप खूप जणींना येतो, खोलीही थंड असते, आणि थोड्या वेळानं आपोआप थांबतो. हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. इतकं सवयीचं झालं की सांगायचं राहिलं. तिला म्हटलं, चुकलंच माझं. ती हसली, मग टाका ओढला म्हणून "आई गं" केलं.

जाताना ताप, जखमेतून पू, वास येणारं पाणी, तासाभरात पूर्ण भिजणारं पॅड, पोटरीला एका बाजूनं सूज, बसलं की फुटणारं डोकं, यातलं काहीही झालं तर लगेच यायचं, हे दोघींना सांगून, परत म्हणवून घेतलं.

मी उठले तर आईनं हात धरला. आवाज बारीक करून विचारलं, "मंग हाई पायाळू शे का नही?"

पायानं जन्मलेलं माणूस पायाळू. उसण भरली की त्याची लाथ बसावी म्हणून गाव त्याच्या दाराशी येतं. आता पोट उघडून काढलेल्या बाळाला पायाळू म्हणायचं का? मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या ओपीडीत होत्या, मागे पेशंट बोलत होते. म्हणाल्या, "आधी ढुंगण आलं, मग पाय, मग डोकं. आता तुम्हीच ठरवा."

मी जसंच्या तसं सांगितलं. मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं, नातीकडे पाहिलं, आणि सुरतेला जावयाला फोन लावायला बाहेर गेल्या.