जॉन स्टॉट कोण होते आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती जगात त्यांना इतका मान का आहे?

अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांचे नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते, मग त्यांच्याच पिढीतील जॉन स्टॉट यांच्याविषयी इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोक एवढ्या आदराने का बोलतात आणि त्यांचे लेखन वाचायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढलेला वाचक आहे, धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. स्टॉट यांची पुस्तके मात्र मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

आधी एक खुलासा. 'इव्हँजेलिकल' म्हटले की आज अनेकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील निवडणुकीचे राजकारण येते. स्टॉट यांच्या बाबतीत हा अर्थ बाजूला ठेवावा लागतो. बायबलचा अंतिम अधिकार, वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या मरणाने मिळणारे तारण, प्रत्येकाने स्वतः ख्रिस्ताकडे वळण्याची गरज आणि सुवार्तेचा, म्हणजे ख्रिस्ताच्या शुभसंदेशाचा, प्रसार यांवर भर देणारा प्रोटेस्टंट पंथांमधील जो प्रवाह आहे, त्याचे ते इंग्लंडमधील अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधील, प्रतिनिधी होते.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १९२१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर आर्नोल्ड स्टॉट हे नामांकित डॉक्टर आणि अज्ञेयवादी होते, तर आई लुथरन होती आणि मुलांना लँगहॅम प्लेस येथील ऑल सोल्स चर्चमध्ये नेत असे. १९३८ मध्ये रग्बी शाळेत असताना एरिक नॅश या पाळकांनी येशूचा न्यायनिवाडा करणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या तोंडचा प्रश्न मुलांपुढे ठेवला: ख्रिस्त म्हटलेल्या येशूचे मी काय करावे? त्याच रात्री आपण त्याला आपल्या जीवनाचे दार उघडले, असे स्टॉट पुढे सांगत. केंब्रिजला त्यांनी फ्रेंच आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम श्रेणी मिळवली. मुलाने परराष्ट्र सेवेत जावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा पाळक होणार आणि ऐन महायुद्धात युद्धविरोधी भूमिका घेणार, हे सैन्याच्या वैद्यकीय दलात उच्च पदावर असलेल्या त्या गृहस्थांना फार लागले आणि दोघांचे संबंध बराच काळ ताणलेले राहिले.

१९४५ मध्ये दीक्षा घेऊन ते लहानपणीच्या त्याच ऑल सोल्स चर्चमध्ये साहाय्यक पाळक झाले आणि १९५० मध्ये, तिशीही गाठली नसताना, तेथील प्रमुख पाळक झाले. १९७५ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले, पण त्यांचे चर्च आयुष्यभर तेच राहिले. ते बिशप झाले नाहीत, विद्यापीठात प्राध्यापक झाले नाहीत आणि त्यांनी लग्नही केले नाही. चर्चच्या निवासस्थानामागील गॅरेजवरच्या दोन खोल्यांत ते राहत. फ्रान्सिस व्हाइटहेड या त्यांच्या सचिव १९५६ पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत सोबत होत्या आणि स्टॉट यांचे ते सुबक हस्ताक्षरातील सगळे लेखन त्यांनीच टंकलिखित केले.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मला १९६६ ते १९७५ या काळात सापडते. १८ ऑक्टोबर १९६६ रोजी लंडनमधील वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉलमध्ये मार्टिन लॉइड-जोन्स या ज्येष्ठ उपदेशकांनी, इव्हँजेलिकलांनी आपापल्या मिश्र मतांच्या चर्चसंस्थांपेक्षा आपसांतील एकतेला महत्त्व द्यावे, असे आवाहन केले. बहुतेकांनी त्याचा अर्थ चर्च ऑफ इंग्लंड सोडावे असा घेतला. स्टॉट सभेचे अध्यक्ष होते. आभार मानून सभा पुढे नेण्याऐवजी त्यांनी, इतिहास आणि पवित्र शास्त्र दोन्ही या मताच्या विरुद्ध आहेत, असे तिथल्या तिथे सांगितले. अध्यक्षपदाचा असा उपयोग केल्याबद्दल त्यांनी नंतर लॉइड-जोन्स यांची क्षमा मागितली, मत मात्र सोडले नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील कील येथील परिषदेत अँग्लिकन इव्हँजेलिकलांनी चर्चमध्ये राहूनच काम करण्याचे ठरवले आणि त्या निर्णयामागे स्टॉट यांचे वजन होते.

दुसरा प्रसंग मला याहून मोठा वाटतो. १९६६ सालच्याच, सुवार्ताप्रसारावरील बर्लिन परिषदेत त्यांनी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, कार्य उपदेश करणे, लोकांना ख्रिस्ताकडे आणणे आणि शिकवणे एवढेच आहे, अशी मांडणी केली होती. मिरजेचा मिशन दवाखाना किंवा गावोगावच्या मिशन शाळा पाहत आलेल्या आपल्यासारख्यांना हा वादच चमत्कारिक वाटेल. पण विसाव्या शतकाच्या आरंभी उदारमतवादी धर्मशास्त्राने सामाजिक सुधारणेलाच सुवार्ता म्हणायला सुरुवात केल्यावर अनेक इव्हँजेलिकलांनी बिचकून सामाजिक कार्यापासून अंग काढून घेतले होते. जुलै १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुवार्ताप्रसारावरील जागतिक परिषदेसाठी १५० देशांतील दोन हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले, तेव्हा इक्वेडोरचे रेने पादिया आणि पेरूचे सॅम्युएल एस्कोबार यांनी, अन्यायाबद्दल मौन बाळगणारी सुवार्ता अपुरी आहे, असे ठणकावून सांगितले. परिषदेच्या घोषणापत्राचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख स्टॉट होते. त्या १५ कलमी 'लोझान करारा'च्या पाचव्या कलमात, सुवार्ताप्रसार आणि सामाजिक जबाबदारी परस्परविरोधी मानल्याबद्दल चक्क पश्चात्ताप व्यक्त केलेला आहे. जानेवारी १९७५ मध्ये मेक्सिको सिटीच्या बैठकीत ग्रॅहम यांनी लोझान परिषदेचे पुढील काम मुख्यतः सुवार्ताप्रसारापुरतेच ठेवावे असे सुचवले, तेव्हा स्टॉट यांनी या जिवलग मित्रालाही विरोध केला. त्याच वर्षी आलेल्या पुस्तकात, बर्लिनमध्ये आपण मांडले ते आता निराळ्या रीतीने मांडू, असे त्यांनी लिहून टाकले. पन्नाशी ओलांडलेला, जगभर ऐकला जाणारा उपदेशक आपलेच आधीचे मत असे छापील स्वरूपात दुरुस्त करतो, हे धार्मिक नेत्यांत मी तरी फारसे पाहिलेले नाही.

त्यांच्यावर टीकाही झाली. १९८८ मध्ये डेव्हिड एडवर्ड्स या उदारमतवादी अँग्लिकन लेखकाशी केलेल्या संवादात त्यांनी, नरक म्हणजे अनंतकाळची यातना नसून अखेरचा विनाश असू शकेल, असे चाचपडत सुचवले आणि स्वतःच्याच गोटातील अनेकांचा रोष ओढवून घेतला.

पुस्तकांचे मानधन त्यांनी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील पाळकांना पुस्तके पुरवण्यासाठी देऊन टाकले. तेथील धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्याचे कामही त्यांनी सुरू केले. त्यातूनच आजची लँगहॅम पार्टनरशिप उभी राहिली. तिची धुरा त्यांच्यानंतर ज्या ख्रिस्तोफर राइट यांच्याकडे आली, ते १९८० च्या दशकात आपल्या पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरीत बायबलचा जुना करार शिकवत असत. या सगळ्या व्यापातही प्रवासाच्या सामानात स्टॉट यांची दुर्बीण असेच. पक्षिनिरीक्षणाचे त्यांना वेड होते आणि १९९९ मध्ये त्यांनी पक्ष्यांवर पुस्तकही लिहिले.

२७ जुलै २०११ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वाचनाची सुरुवात १९५८ च्या 'बेसिक ख्रिश्चॅनिटी'ने करावी. ते छोटे आहे आणि विश्वास न ठेवणाऱ्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेले आहे. १९८६ चे 'द क्रॉस ऑफ क्राइस्ट' हे त्यांचे सर्वांत भक्कम पुस्तक, पण ते सावकाश वाचावे लागते. मला स्वतःला ते पहिल्या खेपेस अर्ध्यावर सोडावे लागले होते. आणि तेवढाही वेळ नसेल, तर लोझान कराराचे पाचवे कलम वाचावे. ते एका परिच्छेदाचे आहे.