ॲक्शन कॉमिक्सचा १००० वा अंक सांभाळून ठेवला तर पुढे किंमत येईल का?

तुम्ही विचारलंय की मेहुण्याने दुबईहून सुपरमॅनचा १००० वा अंक आणून दिला, जुन्या स्टाइलचं कव्हर आहे, आणि आता असेच वर्धापनदिनाचे, शंभरी-पाचशेवाले अंक गोळा करत गेलं तर पुढे पैसे सुटतील का. पैसे सुटणार नाहीत. अंक मात्र मस्त आहे, ठेवा.

ॲक्शन कॉमिक्सचा, म्हणजे सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला त्या मासिकाचा, पहिला अंक १९३८ चा, किंमत १० सेंट, साधारण २ लाख प्रती निघाल्या आणि पोरांनी वाचून फेकून दिल्या, पुढे युद्धात रद्दी गोळा करायच्या मोहिमेत बाकीच्या गेल्या, आज जगात जेमतेम शंभरेक प्रती उरल्यात असं धरतात, म्हणून २०२४ मध्ये त्यातली एक ६० लाख डॉलरला गेली. आता तुमचा १००० वा बघा. एप्रिल २०१८ मध्ये आला, ८० पानी, ७.९९ डॉलर, चार लाखांवर प्रती दुकानांत गेल्या आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घरी जाताजाताच प्लास्टिकच्या पिशवीत घातला. कोणी फेकलाच नाही तर तो दुर्मिळ होणार कसा? वर प्रत्येक दशकाचं वेगळं कव्हर काढलेलं, १९३० पासून २००० पर्यंत आठ, शिवाय चित्रकार जिम लीचं मेन कव्हर आणि दुकानांनी आपापली काढलेली वेगळीच. तुमचं बहुतेक त्या दशकवाल्या आठातलं असणार. याच अंकात सुपरमॅनची लाल चड्डी परत आली बरं का, २०११ मध्ये काढून टाकली होती, मला तरी हजार आकड्यापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, हात पोळलेत म्हणून बोलतोय. १९९२ मध्ये स्पायडरमॅनला ३० वर्षं झाली तेव्हा त्याची कंपनी मार्व्हलने चार अंकांवर होलोग्राम लावले होते. माझा चुलतभाऊ तेव्हा शिपवर होता, त्याने त्यातला ॲमेझिंग स्पायडरमॅन ३६५ आणला. मी आठवीत, फोंड्यात तोवर असलं काही कोणी बघितलेलं नव्हतं, कव्हरच्या मधोमध चकाकणारा चौकोन, खिडकीत धरून हलवला की आतलं चित्र हलायचं. अख्खा वाडा बघून गेला. मी मनातल्या मनात त्याच्यावर फ्लॅट घेतलेला. नंतर इंटरनेट आलं आणि कळलं की तो ढिगाने छापलाय आणि माझ्यासारख्याच सगळ्या जगातल्या आठवीतल्या पोरांनी तो जपून ठेवलाय, आज दोन पिझ्झा येतील एवढीच त्याची किंमत. त्याच सुमारास सुपरमॅन मेला, 'सुपरमॅन' नावाच्या वेगळ्या मासिकाचा ७५ वा अंक, काळ्या पिशवीत सीलबंद, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. तोही लाखांनी खपला, आजही सीलबंद मिळतो, कारण पिशवी फोडायचा धीर कोणाला झाला नाही.

मग ॲमेझिंग स्पायडरमॅन ३०० का महाग, असं तुम्ही विचाराल. १९८८ चा, स्पायडरमॅनच्या पंचविशीचा विशेष अंक, चित्रकार टॉड मॅकफार्लेनचं कव्हर. पण भाव तीनशे या आकड्याला नाहीये, त्यात व्हेनम हा खलनायक पहिल्यांदा पुरा दिसतो त्याला आहे. आकडा गोल असणं हा योगायोग समजा.

आणि आकड्यांचं म्हणाल तर कंपन्या वाट्टेल तसे वाकवतात. ॲमेझिंग स्पायडरमॅन ४४१ अंकांनंतर बंद करून १९९९ मध्ये परत १ पासून चालू केला, ५८ अंक काढले, मग कोणीतरी बेरीज केली, ४४१ आणि ५८ म्हणजे ४९९, लगेच पुढचा अंक ५०० म्हणून बाजारात! किराणा दुकानदार वही बदलतो तसा प्रकार.

मला विचाराल तर वर्धापनवाल्यात घ्यायचे असतील तर नोव्हेंबर १९८६ चे मार्व्हल घ्या. फँटास्टिक फोर या त्यांच्या चार हिरोंच्या टोळीच्या पहिल्या अंकाला २५ वर्षं झाली म्हणून त्या महिन्याच्या अंकांना एकच चौकट दिली, कडेला सगळे हिरो छोटे छोटे बसलेले आणि मधे फक्त त्या अंकाच्या हिरोचा चेहरा. एकेक बघितला तर काही वाटत नाही, पण आठदहा शेजारी शेजारी लावले की देवघरातल्या फोटोंसारखे दिसतात. बरेचसे स्वस्तात मिळतात, आणि कुठे थांबायचं ते आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडची गंमत तर वेगळीच. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या गोष्टीने सुरू झालं, मराठीतही यायचं. इंग्रजीत ४४३ पर्यंत सरळ नंबर गेले आणि १९८३ पासून खंड २०, अंक १ असं चालू केलं, त्यामुळे ५०० वा अंक मोजून निघतो पण ५०० हा आकडा कुठल्याच कव्हरवर नाही. अमर चित्र कथेचं त्याहून भारी, सगळे 'पहिला अंक' म्हणून कृष्ण शोधतात, त्याचा नंबर ११ आहे, कारण आधीचे १० म्हणजे सिंड्रेला वगैरे परदेशी परीकथा कन्नडमध्ये काढलेल्या. कोणी तुम्हाला कृष्ण १ नंबर म्हणून विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

हे जुने अंक मिळालेच तर बहुतेक वाचनालयातून आलेले असतात, दहा-दहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा बांधलेला, कडा कापलेल्या, कव्हरवर गोल शिक्का. अमेरिकन कलेक्टर असल्या प्रतीला हात लावणार नाही. मी लावतो, कारण तसे बांधले नसते तर उरलेच नसते.

आता आपला खरा शत्रू, पावसाळा. चार महिने भिंती घाम फोडतात आणि कॉमिकच्या पिना गंजतात, गंज कागदात उतरतो, मग तपकिरी ठिपके, मग कसर. मी १५-१६ वर्षांचा असताना अतिशहाणपणा केला, वेताळाच्या एका अंकाचं कव्हर झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून आणलं. कव्हर आजही नवंकोरं आहे, आतली पानं पिवळी पडून सुटलीत. असलं काही करू नका. मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची पिशवी, मागे ॲसिडफ्री पुठ्ठा, उभे ठेवायचे, लोखंडी ट्रंक नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, सिलिका जेल घाला आणि ते जूनपासून दर महिन्याला बदला, एकदा टाकून विसरलात तर काही उपयोग नाही.

विकत घेताना बहुतेकदा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं ते वाचा, दुसरी आवृत्ती असेल तर तिथे कळतं. आणि ॲक्शनचा पहिला अंक स्वस्तात देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. १९७४ मध्ये डीसीनेच, म्हणजे सुपरमॅनच्या कंपनीनेच, त्याची मोठ्या आकारात हुबेहूब प्रत काढली होती, त्याचं बाहेरचं पुनर्मुद्रण लिहिलेलं कव्हर काढून टाकून लोकांनी आतला अंक ओरिजिनल म्हणून खपवलाय. पट्टी लावून बघा, मूळ अंकापेक्षा तो बराच मोठा आहे.

आणखी एक, चवथीच्या साफसफाईआधी घरात सांगून ठेवा. माझ्या बॉक्सवर मी 'जुनी लाइटबिलं' असं लिहून ठेवलंय, सतरा वर्षांत कोणी उघडला नाही.