गुडघ्याला सुया, शेक की पुडी?

प्रश्न : ताई, आई ६४ वर्षांची आहे. जन्मभर कापूस वेचला, आता दोन्ही गुडघे झिजलेत. रात्रभर ‘मना गुडघा दुखस’ चालू असतं. १५ वर्षांपासून शुगर आहे, मागच्या वर्षी स्टेंट टाकली, रक्त पातळ ठेवायची क्लोपिडोग्रेल गोळी चालू आहे. गावात चायनीज उपचारांचं शिबिर लागलंय. सुया, पेटत्या कांडीचा शेक, पाठीला कप आणि दोन वेळा घ्यायची पुडी, असं पॅकेज आहे. पुडीने दोन दिवसांत आराम पडतो म्हणतात. आईला न्यावं का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, पॅकेज घेऊ नका. चारातली एकच गोष्ट तुमच्या आईंना चालेल, ती म्हणजे सुया.

गुडघ्याच्या झिजेवर जर्मनीत हजारावर रुग्णांची चाचणी झाली, निकाल २००६ साली आला. चिनी पद्धतीचे बिंदू धरून सुया टोचलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना सहा महिन्यांनी चांगला उतार होता. मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ५१, आणि सुया न घेतलेल्यांत २९ टक्के. सुयांनी दुखणं हलकं होतं, पण नेमक्या बिंदूवाचून फारसं अडत नाही, असं माझं मत. तेव्हा खास बिंदूंचे जादा पैसे देऊ नका. झिजलेली कूर्चा मात्र सुयांनी भरून येत नाही. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. टोचणाऱ्याची महाराष्ट्र अॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. क्लोपिडोग्रेलचं आधीच सांगा, पण ती गोळी मनाने बंद करू नका.

कांडीचा शेक नको. दवण्याच्या कुळातल्या झाडाचा वाळलेला पाला कुटून ती कांडी करतात आणि पेटवून कातडीपासून दोन बोटं वर धरतात. ‘चटका बसतोय’ असं रुग्णाने म्हणायचं, मग हात मागे घ्यायचा. जुन्या शुगरमध्ये पाय बधिर झालेला असेल तर आई ते म्हणणारच नाहीत. वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे बाया येतात, तळपायात पऱ्हाटीचा खुंट रुतून पू झालेला असतो आणि त्यांना पत्ता नसतो. कपही नकोत, पाठ काळीनिळी होईल. ब्लेडने चिरा देऊन रक्त ओढणार असतील तर मुळीच नकोत.

खरी भीती पुडीची आहे. चिनी वनस्पतींना मी कमी लेखत नाही. मलेरियावर आपण देतो ते आर्टेसुनेट तिथल्याच वनस्पतीतून निघालं, त्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण त्या औषधात काय आणि किती आहे, ते ठाऊक असतं. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी अॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती मिसळली गेली आणि शंभरावर रुग्णांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या खराब झाल्या. आणि बिनलेबलची पुडी दोन दिवसांत गुडघा शांत करते म्हटलं की मला पहिली शंका स्टेरॉइडची येते. तोंड सुजतं, शुगर ४०० च्या वर जाते, असे रुग्ण मी पाहिलेत.

पुडी सुरू केली नसेल तर घरात आणूच नका. सुरू झाली असेल तर पुडी सोबत घेऊन त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना गाठा; शुगर आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. किती दिवस घेतली ते नक्की सांगा, कारण काही आठवडे स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर ते एकदम तोडल्याने बीपी उतरून माणूस कोसळू शकतो. कशी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.