शहराजवळच्या छोट्या बेटावर किनाऱ्यावरचे जीव बघायला कधी जावं?

सुट्टी बघून नाही, ओहोटी बघून दिवस ठरवा. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत लांब ओसरतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर पोचा आणि एकाच डबक्यापाशी दहा मिनिटं गप्प बसा. रिकामा वाटलेला शंख चालू लागतो. आत खेकडा भाडेकरू असतो! समुद्रफूल पाण्याबाहेर नुसता लिबलिबीत गोळा दिसतं, पाण्यात मात्र फुलतं. त्या पाकळ्या म्हणजे डंख मारणारे हात, बोट घालू नका. शंकूच्या आकाराचे जिवंत शंखही उचलू नका, विषारी असतात. उलटवलेला दगड होता तसा परत ठेवा. बूट पकड असलेलेच हवेत, कालवांच्या कडा पाय चिरतात. भरती लागली की लगेच मागे फिरा.