रंगवलेली टोपी, उलटा हँक एरन

प्रश्न : टॉप्स या अमेरिकी कंपनीच्या जुन्या बेसबॉल कार्डांवर (खेळाडूंचे फोटो छापलेली, लोक जमवतात ती) काही खेळाडूंच्या टोप्या रंगवल्यासारख्या दिसतात, काही बोडकेच आहेत. १९५७च्या कार्डावर उजखुरा फलंदाज हँक एरन चक्क डावखुरा! ही कार्डं नकली का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. फोटो बहुतेक वसंत ऋतूतल्या सराव शिबिरात काढत. पुढे खेळाडूचा संघ बदलला, तर जुनी टोपी चालेना. म्हणून बिनटोपीचा फोटो आधीच काढून ठेवत, नाहीतर एअरब्रशने (रंगाचा बारीक फवारा मारून) नवी टोपी चढवत. ती कधी कधी डोक्यावर उपडं ठेवलेलं पातेलं दिसते!

एरनची निगेटिव्ह उलटी छापली गेली. जर्सीवरचा ४४ पाहा, तोही आरशातला. ती चूक टॉप्सने सुधारलीच नाही, त्यामुळे ‘दुर्मीळ उलटं कार्ड’ म्हणून जादा पैसे देऊ नका. १९५९च्या कार्डावर ल्यू बर्डेट हा पिचर (चेंडू फेकणारा) मात्र मुद्दाम डावखुरा उभा राहिला. होता उजखुरा!

टोपी दहा पट भिंगाखाली तपासा. एअरब्रश मूळ फोटोवर, छपाईआधी होई. म्हणून टोपीवरही छपाईचे ठिपके दिसायला हवेत. ठिपके झाकणारा सलग रंग दिसला, तर कुणीतरी नंतर हात मारलाय. तो रंग खरवडू मात्र नका, खालची छपाईही निघते.